गर्भावस्थेतील स्त्रीरोगविषयक कर्करोग : निदान, उपचार आणि जालना जिल्ह्यातील स्थिती

गोषवारा

गर्भावस्थेत जननेंद्रियांचा कर्करोग आढळणे ही दुर्मिळ घटना आहे. मात्र ती घडते तेव्हा आई व गर्भ अशा दोन जीवांचा विचार एकाच वेळी करावा लागतो. या रोगाची लक्षणे गर्भावस्थेच्या नेहमीच्या तक्रारींसारखीच असल्याने निदान लांबते. गर्भवतीवर कर्करोगाचे उपचार करताच येत नाहीत, हा समजही विलंबाला कारण होतो. प्रस्तुत लेखात गर्भाशयमुख, अंडाशय व अन्य जननेंद्रियांच्या कर्करोगाचे गर्भावस्थेतील निदान व उपचार यांचा परिचय करून दिला असून, जालना जिल्ह्यातील ग्रामीण व स्थलांतरित स्त्रियांच्या संदर्भात त्याचा विचार केला आहे.

बीजशब्द : गर्भावस्था, गर्भाशयमुखाचा कर्करोग, अंडाशयाची गाठ, प्रसूतिपूर्व तपासणी, ऊसतोड स्थलांतर, जालना जिल्हा.

१. प्रस्तावना

१ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्याचे विभाजन होऊन जालना जिल्हा अस्तित्वात आला. जालना, बदनापूर, भोकरदन, जाफ्राबाद, अंबड, घनसावंगी, परतूर व मंठा हे त्याचे आठ तालुके होत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १९ लाख ५९ हजार असून त्यातील सुमारे ८० टक्के लोक ग्रामीण भागात राहतात. मोसंबी, कापूस, बियाणे उद्योग व पोलाद कारखाने ही जिल्ह्याची ओळख असली, तरी कोरडवाहू शेती व हंगामी स्थलांतर या येथील जीवनाच्या दोन कठोर बाजू आहेत. त्यांचा स्त्रीच्या आरोग्याशी निकटचा संबंध आहे.

कर्करोग हा उतारवयाचा रोग, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वैद्यकीय साहित्यात मात्र साधारणपणे एक हजार गर्भवतींमध्ये एकीला कोणत्या ना कोणत्या प्रकारचा कर्करोग आढळतो, असे प्रमाण दिले जाते. त्यात स्तनाचा कर्करोग, रक्ताचे विकार व गर्भाशयमुखाचा कर्करोग हे प्रमुख आहेत. अंडाशयाचा कर्करोग त्याहून विरळ आहे. योनी, बाह्य जननेंद्रिय व गर्भाशयाचे अस्तर यांचे कर्करोग तर गर्भावस्थेत फारच क्वचित दिसतात. भारतात गर्भाशयमुखाचा कर्करोग मुळीच दुर्मिळ नाही. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार देशात त्या वर्षी सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आढळले व सुमारे ८० हजार स्त्रिया या रोगाने दगावल्या. तो गर्भावस्थेत आढळणे दुर्मिळ, एवढाच येथे ‘दुर्मिळ’ या शब्दाचा अर्थ आहे.

२. लेखाची उद्दिष्टे

१) गर्भावस्थेत या कर्करोगांचे निदान का लांबते, याची कारणे स्पष्ट करणे.
२) गर्भवतीसाठी सुरक्षित असलेल्या तपासण्या व उपचारांची माहिती देणे.
३) जालना जिल्ह्यातील सामाजिक परिस्थितीत वेळेवर निदान होण्यासाठी कोणते उपाय शक्य आहेत, याचा विचार करणे.

३. निदान लांबण्याची कारणे

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमुख लक्षण म्हणजे योनीमार्गे अवेळी, विशेषतः शरीरसंबंधानंतर होणारा रक्तस्राव. दुर्गंधीयुक्त पांढरे जाणे हे दुसरे लक्षण. गर्भवतीला रक्तस्राव झाला की प्रथम गर्भपाताची शंका येते किंवा वार खाली असल्याचा संशय घेतला जातो. हा विचार योग्यच असतो, कारण बहुतेक वेळा कारण तेच निघते. अडचण त्यानंतर सुरू होते. सोनोग्राफीत गर्भाच्या हृदयाचे ठोके दिसले, वारही जागेवर असल्याचे कळले, की विश्रांती व गोळ्या देऊन स्त्रीला घरी पाठवले जाते. रक्तस्राव गर्भाशयमुखातूनच होत आहे काय, हे डोळ्यांनी पाहण्याचे राहून जाते.

वार खाली असल्याचा संशय असताना बोटांनी आतून तपासणी करणे धोक्याचे असते, हे प्रत्येक परिचारिकेला शिकवलेले असते. परंतु वारेची जागा सोनोग्राफीने निश्चित झाल्यावर स्पेक्युलम लावून गर्भाशयमुख काळजीपूर्वक पाहणे सुरक्षित असते. या दोन तपासण्यांतील फरक लक्षात न घेतल्यामुळे ‘गर्भवतीची आतून तपासणी नकोच’ असा सरसकट नियम रूढ होतो आणि उघड्या डोळ्यांना दिसू शकणारी जखम महिनोन्महिने दृष्टीआड राहते.

अंडाशयाच्या गाठीची गोष्टही अशीच आहे. पोट वाढणे, मळमळ, बद्धकोष्ठता, कंबरदुखी, वारंवार लघवीला जावे लागणे ही सर्व लक्षणे गर्भवतीला स्वाभाविक वाटतात. रक्तक्षय, थकवा यांचेही कारण गर्भावस्थेतच शोधले जाते. शिवाय ग्रामीण स्त्रीला दुखणे अंगावर काढण्याची सवय असते. पांढरे जाण्याविषयी ती सासूजवळही बोलत नाही. मग डॉक्टर पुरुष असेल तर प्रश्नच मिटला.

वयाचाही मुद्दा महत्त्वाचा आहे. शासनाच्या असंसर्गजन्य रोग कार्यक्रमात गर्भाशयमुखाची चाळणी तपासणी वयाच्या तिसाव्या वर्षापासून सुरू होते. मराठवाड्यात मुलींचे विवाह लवकर होतात व बहुतेक बाळंतपणे तिशीपूर्वीच आटोपतात. त्यामुळे गर्भवती स्त्री चाळणी कार्यक्रमाच्या बाहेर राहते. चाळणी वयात आलेल्या स्त्रियांपर्यंतही कार्यक्रम फारसा पोहोचलेला नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९–२१) देशातील ३० ते ४९ वयोगटातील जेमतेम २ टक्के स्त्रियांची ही तपासणी कधीतरी झाली होती. अनेक ग्रामीण स्त्रियांच्या बाबतीत प्रसूतिपूर्व तपासणी हीच आरोग्यव्यवस्थेशी होणारी एकमेव नियमित भेट असते.

४. गर्भावस्थेत करता येणाऱ्या तपासण्या

गर्भवतीच्या बहुतेक आवश्यक तपासण्या सुरक्षितपणे करता येतात, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे.

पॅप चाचणी : गर्भाशयमुखावरील पेशी हलकेच खरवडून घेण्याची ही चाचणी गर्भावस्थेत करता येते. गर्भावस्थेत गर्भाशयमुखाच्या आतील नाजूक अस्तर बाहेरच्या बाजूस सरकते व लालसर दिसते. ते रोगाचे चिन्ह नसते. म्हणूनच ॲसिटिक आम्ल लावून केलेल्या दृश्य तपासणीचा अर्थ गर्भवतीत लावणे कठीण जाते व अनुभवी नजरेची गरज असते.

कोल्पोस्कोपी व ऊतितपासणी : पॅप चाचणीत गंभीर दोष आढळल्यास कोल्पोस्कोपद्वारे गर्भाशयमुख मोठे करून पाहतात. संशयास्पद भागाचा लहान तुकडा ऊतितपासणीसाठी (बायोप्सी) काढता येतो. त्यामुळे थोडा रक्तस्राव अधिक होऊ शकतो, परंतु गर्भपाताचा धोका लक्षणीयरीत्या वाढत नाही. गर्भाशयमुखाच्या नलिकेचे आतून खरवडणे मात्र गर्भावस्थेत टाळतात. शंकूच्या आकाराचा तुकडा काढण्याची शस्त्रक्रिया केवळ खोलवर पसरलेल्या कर्करोगाचा दाट संशय असल्यासच, शक्यतो १४ ते २० आठवड्यांच्या दरम्यान करतात.

सोनोग्राफी व एमआरआय : सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात. एमआरआयमध्येही नसतात, मात्र त्यासाठी वापरले जाणारे गॅडोलिनियमयुक्त औषध गर्भावस्थेत टाळले जाते. छातीचा क्ष-किरण पोटावर संरक्षक आवरण घालून काढता येतो. पोटाचे सीटी व पेट स्कॅन शक्यतो करीत नाहीत. १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यानुसार गर्भवतीच्या प्रत्येक सोनोग्राफीसाठी एफ नमुना भरणे बंधनकारक आहे. कायद्याचा रोख लिंगनिदानाकडे आहे, रोगनिदानाकडे नाही. त्यामुळे अंडाशयाच्या गाठीसाठी पुन्हा सोनोग्राफी करण्यास डॉक्टरांनी किंवा कुटुंबाने कचरू नये.

रक्तचाचण्या : सीए-१२५, अल्फा-फीटोप्रोटीन व एचसीजी हे घटक गर्भावस्थेतच वाढलेले असतात. केवळ त्यांच्या आकड्यांवरून कर्करोगाचे निदान करणे चुकीचे ठरते. एलडीएच हा घटक सामान्य गर्भावस्थेत फारसा वाढत नाही, म्हणून तरुण स्त्रियांतील अंडाशयाच्या काही गाठींत त्याचा उपयोग होतो.

५. प्रमुख प्रकार व उपचार

५.१ गर्भाशयमुखाचा कर्करोग

उपचार तीन गोष्टींवर ठरतात : रोगाची अवस्था, गर्भाचे वय आणि स्त्रीची इच्छा. पेशींतील बदल कर्करोगपूर्व अवस्थेतील असतील, तर उपचाराची घाई नसते. ठरावीक अंतराने कोल्पोस्कोपी करून प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी करतात. अशा स्त्रीची नैसर्गिक प्रसूती होऊ शकते. काहींमध्ये हे बदल प्रसूतीनंतर आपोआप मागेही हटतात.

रोग अगदी सूक्ष्म असेल तर शंकूच्या आकाराचा तुकडा काढणे पुरेसे ठरू शकते. गाठ दोन सेंटिमीटरपर्यंत असेल आणि गर्भ साधारण २२ आठवड्यांच्या आतील असेल, तर ओटीपोटातील लसिका ग्रंथी काढून तपासतात. त्यांत रोग नसल्यास मर्यादित शस्त्रक्रिया करून किंवा बारीक लक्ष ठेवून गर्भावस्था पुढे नेता येते. गाठ त्याहून मोठी असेल व स्त्रीला गर्भ ठेवायचा असेल, तर रसायनोपचार (केमोथेरपी) देऊन रोग आटोक्यात ठेवतात व गर्भ जगण्यायोग्य झाल्यावर सिझेरियन करतात. गर्भाशयमुखात उघड कर्करोग असताना नैसर्गिक प्रसूती टाळली जाते. तीत रक्तस्रावाचा धोका असतो आणि प्रसूतीच्या वेळी दिलेल्या छेदाच्या जागी कर्करोगाच्या पेशी रुजल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. रोगग्रस्त भागापासून दूर राहण्यासाठी गर्भाशयाचा छेदही खालच्या भागाऐवजी वर घेतात.

ओटीपोटावरील किरणोपचार गर्भाला घातक असतात. म्हणून रोग पुढच्या अवस्थेत असून गर्भावस्था सुरुवातीची असेल, तर गर्भ ठेवून उपचार लांबवणे आईच्या जिवावर बेतू शकते. अशा वेळी स्त्रीला वस्तुस्थिती स्पष्टपणे सांगून निर्णय घ्यावा लागतो.

५.२ अंडाशयाच्या गाठी

गर्भावस्थेतील सोनोग्राफीत अंडाशयाजवळ गाठ दिसणे असामान्य नाही. बहुतेक गाठी पाण्याच्या व साध्या असतात आणि सोळाव्या आठवड्यापर्यंत विरून जातात. त्यामुळे प्रत्येक गाठ म्हणजे कर्करोग असे समजून भयभीत होण्याचे कारण नाही. जी गाठ टिकते, वाढते, जिच्यात घन भाग किंवा जाड पडदे दिसतात, तिची गंभीर दखल घ्यावी लागते. शस्त्रक्रियेसाठी साधारण १४ ते २० आठवड्यांचा काळ अनुकूल असतो. त्या वेळी गर्भपाताची शक्यता कमी झालेली असते व गर्भाशयाचा आकारही शस्त्रक्रियेच्या आड येत नाही. तरुण स्त्रियांत बीजपेशींपासून उद्भवणाऱ्या गाठी तुलनेने अधिक असतात. त्या बहुधा एकाच बाजूस असतात व रसायनोपचारांना चांगला प्रतिसाद देतात. गर्भाशय व दुसरे अंडाशय राखूनही त्यांवर उपचार होऊ शकतात.

५.३ अन्य विरळ प्रकार

वारेच्या पेशींपासून होणारा कोरिओकार्सिनोमा हा द्राक्षगर्भानंतर, गर्भपातानंतर किंवा क्वचित सामान्य प्रसूतीनंतरही उद्भवतो. प्रसूती वा गर्भपातानंतर रक्तस्राव अनेक आठवडे थांबत नसेल, तर एचसीजी तपासणे अत्यावश्यक असते. हा रोग वेगाने पसरतो, पण रसायनोपचारांनी बरा होण्याचे प्रमाणही फार मोठे आहे. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग बहुतेक वेळा गर्भपातानंतरच्या क्युरेटिंगमध्ये अनपेक्षितपणे सापडतो. म्हणूनच काढलेला भाग फेकून न देता प्रयोगशाळेत पाठवण्याची शिस्त महत्त्वाची ठरते. बाह्य जननेंद्रियावर दीर्घकाळ खाज, गाठ किंवा न भरणारी जखम असेल, तर जागा बधिर करून ऊतितपासणी करता येते व शस्त्रक्रियाही गर्भावस्थेत शक्य असते.

५.४ रसायनोपचार आणि गर्भ

गर्भाचे अवयव पहिल्या तीन महिन्यांत घडत असल्याने त्या काळात रसायनोपचार टाळले जातात. चौदाव्या आठवड्यानंतर काही निवडक औषधे देता येतात. शेवटची मात्रा व प्रसूती यांत सुमारे तीन आठवड्यांचे अंतर ठेवतात, जेणेकरून आई व बाळ यांच्या रक्तपेशी पूर्ववत होतील. बेल्जियममधील ल्युवेन येथील फ्रेडरिक अमंट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मातेला गर्भावस्थेत कर्करोग झाला होता अशा १२९ बालकांची तेवढ्याच अन्य बालकांशी तुलना करण्यात आली. गर्भात असताना उपचारांना सामोरे गेलेल्या बालकांच्या बौद्धिक विकासावर वा हृदयाच्या कार्यावर विपरीत परिणाम आढळला नाही. बौद्धिक विकासातील उणीव होती ती अपुऱ्या दिवसांच्या जन्माशी निगडित होती. उपचार टाळण्यासाठी बाळाला खूप आधी जन्माला घालणे हा नेहमीच सुरक्षित मार्ग नसतो, असा या निष्कर्षाचा व्यवहारातील अर्थ आहे.

६. जालना जिल्ह्याच्या संदर्भात

वरील विवेचनात आठवड्यांचा हिशेब वारंवार आला आहे. जालना जिल्ह्यातील अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागांतील अनेक कुटुंबांचे वर्ष मात्र ऊसतोडीच्या हंगामावर चालते. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततात. दिवाळीला तिसरा महिना चालू असलेली, म्हणजे सुमारे १२ आठवड्यांची गर्भवती टोळीबरोबर गेली, तर ती परत येईपर्यंत ३२-३३ आठवड्यांची झालेली असते. अंडाशयाच्या शस्त्रक्रियेला अनुकूल असलेला १४ ते २० आठवड्यांचा काळ आणि गर्भाशयमुखाच्या लहान गाठीवर मर्यादित उपचार करण्याची संधी, ही दोन्ही उसाच्या फडातच निघून गेलेली असतात. उचल घेतलेली असल्याने मध्येच कोयता सोडून परतणे कुटुंबाला परवडत नाही.

दुसरा खंड बाळंतपणाच्या प्रथेतून पडतो. पहिलटकरीण सातव्या महिन्यानंतर माहेरी जाते. सासरच्या उपकेंद्रातील नोंदी अनेकदा तिच्याबरोबर जात नाहीत. चौथ्या महिन्यात दिसलेली अंडाशयाची गाठ ‘पुन्हा पाहू’ असे म्हणून सोडलेली असते, आणि माहेरच्या दवाखान्यात तिची कोणाला कल्पनाच नसते.

उपचारांच्या सोयी मात्र पूर्वीच्या तुलनेत जवळ आल्या आहेत. जालना येथे जिल्हा स्त्री रुग्णालय असून २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. बदनापूर तालुक्यातील वरुडी येथेही वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे. सुमारे ६० किलोमीटरवरील छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथे ‘घाटी’ या नावाने सर्वपरिचित असलेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालय आणि २०१२ मध्ये सुरू झालेले शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. गर्भवतीच्या कर्करोगासाठी प्रसूतितज्ज्ञ, कर्करोग शल्यविशारद, रसायनोपचारतज्ज्ञ, विकृतितज्ज्ञ व नवजात बालकांचे तज्ज्ञ यांनी एकत्र बसून निर्णय घ्यावा लागतो. असा संच एकाच शहरात उपलब्ध असणे ही मोठी जमेची बाजू आहे. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगावरील शस्त्रक्रिया, रसायनोपचार व किरणोपचार यांचा समावेश असल्याने खर्चाचा भारही हलका होऊ शकतो.

मराठवाड्यातील ग्रामीण स्त्रिया तपासणीला पुढे येत नाहीत, हा आक्षेप अनुभवाला धरून नाही. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू झाली. त्यानंतर टाटा स्मारक केंद्र व आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांच्या सहभागाने तत्कालीन उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात ३० ते ५९ वयोगटातील १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एचपीव्ही विषाणूच्या एकाच तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे निम्म्याने घटले. तपासणी गावापर्यंत गेली आणि ती नीट समजावून सांगितली, तर स्त्रिया येतात, हे या कामाने दाखवून दिले आहे.

७. कायदा आणि स्त्रीची संमती

काही प्रसंगी गर्भपाताचा निर्णय अटळ होतो. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार २० आठवड्यांपर्यंत एका व विशिष्ट प्रवर्गांतील स्त्रियांसाठी २० ते २४ आठवड्यांपर्यंत दोन नोंदणीकृत डॉक्टरांचे मत आवश्यक असते. स्त्रीचा जीव वाचवण्यासाठी गर्भपात तातडीने आवश्यक असल्यास ही कालमर्यादा आड येत नाही. सज्ञान स्त्रीच्या बाबतीत कायद्याने केवळ तिचीच संमती लागते. प्रत्यक्षात मात्र निर्णय पती, सासू-सासरे वा भाऊ घेतात आणि ‘बाळ वाचवा’ किंवा ‘पिशवी काढून टाका’ अशी टोकाची मागणी होते. या दोहोंमध्ये अनेक मार्ग असू शकतात, हे स्त्रीला तिच्या भाषेत, तिच्याशी एकांतात बोलून सांगणे हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे.

८. उपाययोजना

१) गर्भवतीला रक्तस्राव झाल्यास वारेची जागा सोनोग्राफीने निश्चित करून स्पेक्युलमद्वारे गर्भाशयमुख पाहणे व त्याची नोंद माता व बाल संरक्षण कार्डावर करणे.
२) तिशी ओलांडलेल्या आणि पूर्वी कधीही तपासणी न झालेल्या गर्भवतीला पॅप चाचणीची सोय उपलब्ध करून देणे. दर महिन्याच्या ९ तारखेला होणाऱ्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या तपासणीचा त्यासाठी उपयोग करता येईल.
३) ऊसतोडीस जाणाऱ्या गर्भवतींची सोनोग्राफी टोळी निघण्यापूर्वी करणे, अहवालाची प्रत तिच्याजवळ देणे व कारखाना परिसरातील आरोग्य केंद्रास कळवणे.
४) अंडाशयाची गाठ आढळल्यास पुढील सोनोग्राफीची तारीख कार्डावर ठळकपणे लिहिणे व आशा कार्यकर्तीने तिचा पाठपुरावा करणे.
५) गर्भपात वा प्रसूतीनंतर सहा आठवड्यांहून अधिक काळ रक्तस्राव चालू राहिल्यास एचसीजी तपासणी करणे.
६) किशोरवयीन मुलींच्या एचपीव्ही लसीकरणाविषयी जागृती करणे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची भारतीय बनावटीची लस २०२३ पासून उपलब्ध आहे. ही लस गर्भावस्थेत देत नाहीत. म्हणून ती विवाहापूर्वी, शाळेच्या वयातच देणे श्रेयस्कर ठरते.

९. निष्कर्ष

गर्भावस्थेतील स्त्रीरोगविषयक कर्करोग विरळ असला तरी असाध्य नाही. त्याच्या निदानासाठी लागणारी पहिली तपासणी महागडी नसून, स्पेक्युलम, पुरेसा प्रकाश व प्रशिक्षित नजर एवढ्यावर ती होऊ शकते. गर्भावस्था हे तपासणी पुढे ढकलण्याचे कारण नसून स्त्रीची तपासणी करण्याची संधी आहे. वेळेवर निदान झाल्यास आई व बाळ दोघांनाही वाचवण्याची शक्यता अनेक प्रकरणांत असते, आणि जिथे ती नसते तिथे निदान आईला विचारपूर्वक निर्णय घेण्यास अवधी मिळतो. जालना जिल्ह्यात उपचारांची केंद्रे आता हाकेच्या अंतरावर आली आहेत. तिथपर्यंत गर्भवती योग्य आठवड्यात पोहोचावी यासाठी उपकेंद्रातील परिचारिका, आशा कार्यकर्ती, सोनोग्राफी करणारे डॉक्टर व टोळीचे मुकादम या सर्वांना जोडणारी नोंदींची साखळी अखंड ठेवणे, ही जिल्ह्याची तातडीची गरज आहे.